अर्ध्या किलोचा कोंबडा

वाशीतल्या कुठल्याही चिकनच्या दुकानात जो पांढरा ब्रॉयलर काट्यावर चढतो, त्याचं वय जेमतेम सहा आठवडे असतं आणि वजन दोन किलोच्या आसपास. सेरामा जातीचा कोंबडा पुरा वाढला, आरवून आरवून म्हातारा झाला, नातवंडं-पतवंडं पाहिली, तरी अर्धा किलो भरत नाही. दोघांचा मूळपुरुष एकच, आग्नेय आशियाच्या रानातला लाल रानकोंबडा. माणसानं एकाला फुगवलं आणि दुसऱ्याला आटवलं, आणि ही दोन्ही उलट कामं एकाच हत्यारानं केली. कोणत्या नराला कोणती मादी द्यायची आणि कोणाला द्यायचीच नाही, एवढंच ते हत्यार.

या आटवलेल्या कोंबड्यांना जगभर ‘बँटम’ म्हणतात. आपल्याकडे पक्ष्यांच्या बाजारात ‘फॅन्सी कोंबडी’ हा शब्द जास्त चालतो आणि त्यात सगळंच येतं: कापसासारख्या पिसांची सिल्की, डोक्यावर टोप असलेली पॉलिश, पायात पिसांचे बूट घातलेली कोचीन, कडेनं काळी रेघ मारलेल्या पिसांची सेब्राइट आणि छाती पुढे काढून उभा राहणारा सेरामा. यातली प्रत्येक कोंबडी बँटम असतेच असं नाही. कोचीन आणि ब्रह्मा या मुळात दांडग्या जाती. त्यांच्या छोट्या आवृत्त्या माणसानं नंतर काढल्या. सेब्राइट, सेरामा, जपानची चाबो या जातींना मात्र मोठी आवृत्तीच नाही. त्या जन्मापासून लहानच. दुकानात उभं राहिल्यावर हा फरक उपयोगाला येतो, कारण एक दिवसाचं पिल्लू कुठल्याही जातीचं असलं तरी मुठीत मावतं. ‘बँटम आहे, एवढंच राहणार’ म्हणून घेतलेलं पिल्लू चार महिन्यांत गुडघ्याला लागलं, तर पिल्लाचा काही दोष नाही.

वाशीसारख्या ठिकाणी हा छंद का रुजावा, हे समजायला फार डोकं लावावं लागत नाही. १९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवं शहर आखलं गेलं. वाशी हा त्याचा पहिला वसलेला भाग. नकाशावर सेक्टर आले, पण वाशीगाव आणि जुहूगाव जिथल्या तिथेच राहिले, चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढलेले. आगरी-कोळी घरांत कोंबडी ही काही छंदाची गोष्ट नव्हती. ती परसात होती, डालग्याखाली होती, पाहुणा आला की ताटात होती. सेक्टरातल्या घरांना परस नव्हता. तिथे आलेल्या सातारा-सांगली-कोकणाकडच्या माणसाच्या मनात गावची कोंबडी होती आणि हातात गॅलरी होती. गॅलरीत गावठी कोंबडी पाळणं म्हणजे सोसायटीशी कायमचं वैर. मग कुणीतरी सांगतं की एक जात अशी आहे, जी मांजराहून लहान राहते.

खरंच राहते. दोन-तीन बँटम कोंबड्यांना मोठ्या कपाटाएवढं खुराडं आणि रोज थोडा वेळ मोकळं फिरायला जागा मिळाली तर त्या मजेत जगतात. बाजरी, तांदळाची कणी, भाजीचे देठ आणि जोडीला लेअरचं तयार खाद्य, एवढ्यावर भागतं. नुसत्या कणीवर अंड्यांचं कवच पातळ पडतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा लागतो. अंडं नेहमीच्या अंड्याच्या निम्म्याएवढं. माणसाळतात इतक्या की सेरामा मुलांच्या खांद्यावर बसून गृहपाठ बघते. पक्षी घरात मावतो, यात शंका नाही. माझं म्हणणं पुढचं आहे: पक्षी मावतो, त्याची पैदास मावत नाही. आणि या छंदातली खरी चव, खरी विद्या, सगळी पैदाशीतच आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या किनाऱ्याशी लागून आहे. जावा बेटावरचं बांतेन हे मिऱ्याच्या व्यापाराचं मोठं बंदर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज आणि डच दोघांनी तिथे वखारी टाकल्या. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई मिळाली ती १६६८ साली. तोवर बांतेनची वखार जुनी झाली होती, आणि १६८२ मध्ये डचांनी इंग्रजांना तिथून घालवलंही. लांबच्या सफरीवर निघालेली जहाजं बंदरात जिवंत कोंबड्या भरून घेत. तिथल्या कोंबड्या चणीनं लहान होत्या. युरोपात पोचल्यावर त्यांना बंदराचं नाव चिकटलं आणि पुढे कुठूनही आलेल्या प्रत्येक बुटक्या कोंबडीला तेच लागलं.

ओझरता उल्लेख आपल्या सह्याद्रीचाही करायला हवा. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा हे खरं, पण पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्यात सापडत नाही. ते राखाडी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटानं दाखवलं. हा राखाडी रानकोंबडा आपल्या घाटांत पहाटे ओरडतो तोच. पिवळ्या पायांची कोंबडी जगात कुठेही दिसली तरी तिच्या पायांत थोडं भारतीय द्वीपकल्प आहे. (हा पक्षी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. ‘रानातली जोडी आणून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावं.)

आता सेब्राइट. सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट (१७६७–१८४६) हा इंग्लंडमधला जमीनदार आणि खासदार. त्याला असा बँटम हवा होता, ज्याच्या प्रत्येक पिसाच्या कडेला काळी किनार असेल, चुकूनही मध्ये डाग नसेल. एकेका पिसाची मागणी नोंदवायची आणि ती पक्ष्याच्या पोटातून पिढ्यानपिढ्या काढून घ्यायची, हा आत्मविश्वास विलक्षण आहे. कबुतराचं हवं तसं पीस तीन वर्षांत काढून देईन, डोकं आणि चोच मात्र सहा वर्षं घेतील, असं तो म्हणत असे. डार्विननं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये या वाक्याची नोंद घेतली आहे. १८०९ साली सेब्राइटनं जनावरांच्या वाणसुधारणेवर एक छोटं पुस्तक काढलं. सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपातलं. त्यात त्यानं एक इशारा दिला होता: एकाच घराण्यातल्या जनावरांचा जोडा सतत लावत राहिलं की वाण खंगत जातो. कुत्री, कोंबड्या, कबुतरं, तिन्हींवर त्यानं हे पाहिलं होतं. गंमत अशी की त्याच्या नावाच्या जातीलाच हे सर्वांत जास्त भोवलं. सेब्राइटची अंडी फळत नाहीत, पिल्लं जगत नाहीत, ही तक्रार आजही जगभरचे पाळणारे करतात.

सेब्राइटच्या नराची आणखी एक तऱ्हा आहे. त्याच्या मानेवर कोंबड्याची ती लांब टोकदार पिसं नसतात, शेपटीला कमान नसते. पिसांवरून पाहिलं तर कोंबडीच. तुरा आणि आवाज तेवढा कोंबड्याचा. थॉमस हंट मॉर्गन, ज्याला पुढे माशीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यानं काही सेब्राइट नरांची वृषणं काढली. नराचं पुरुषत्व काढल्यावर पिसारा आणखी बायकी व्हावा, अशी आपली अपेक्षा. झालं उलटं. नव्यानं आलेली पिसं अस्सल कोंबड्याची, लांब आणि झळझळीत. मॉर्गननं हे १९१९ मध्ये प्रसिद्ध केलं, उलगडा मात्र पुढे अनेक दशकांनी झाला. या पक्ष्याची कातडीच नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर करते. वृषण गेलं की कच्चा माल बंद, मग पिसं आपल्या मूळ नर रूपाला येतात. ज्यांना ‘नर म्हणजे काय’ याचं सोपं उत्तर हवं असतं त्यांनी एकदा सेब्राइट बघावा.

लहानपण पुढच्या पिढीत कसं उतरतं, हा पैदाशीतला कळीचा प्रश्न. १९१४ च्या सुमारास केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटनं सेब्राइटचा हॅम्बर्ग या मोठ्या जातीशी संकर केला. (आनुवंशिकतेची चौकट वहीत काढताना ज्याचं नाव घेतात, तोच हा पनेट.) पहिल्या पिढीत मधली चण आली. दुसऱ्या पिढीत मात्र काही पिल्लं सेब्राइटपेक्षाही लहान निघाली आणि काही हॅम्बर्गपेक्षाही मोठी. म्हणजे मोठ्या जातीच्या पोटातही लहानपणाचे काही घटक दडलेले होते आणि लहान जातीच्या पोटात मोठेपणाचे. हे कळलं की सेरामा पाळणाऱ्यांची चिरंतन हळहळही कळते. सेरामा ही जात मलेशियाच्या केलांतान राज्यातल्या वी यीन ईन या गृहस्थांच्या नावावर आहे. थायलंडच्या राजांना ‘राम’ ही पदवी असते. जातीचं नाव त्यावरून. १९९० पासून ही जात प्रदर्शनांत दिसू लागली, २००१ मध्ये अमेरिकेत पोचली. सेरामाच्या स्पर्धेत कोंबडा टेबलावर सोडतात आणि तो कसा चालतो, मान किती मागे नेतो, छाती किती वर काढतो, पंख जमिनीकडे कसे सरळ सोडतो, यावर गुण देतात. पण दोन नामांकित चिमुकल्या सेरामांच्या एका उबवणीतून निघालेली भावंडं एका मापाची नसतात. एखादं पिल्लू बापाच्या निम्मं, एखादं दीडपट. हवं तसं एक, बाकीची ‘अशीच’. या ‘अशाच’ पिल्लांचं काय करायचं, हा प्रश्न आताच मनात नोंदवून ठेवावा.

जपानी चाबोचं गणित याहून कठोर आहे. चाबोचे पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकतं आणि शेपूट सरळ उभी, डोक्याच्याही वर. हे आखूड पाय ज्या जनुकामुळे येतात त्याची एक प्रत असली तर पाय आखूड, दोन प्रती आल्या तर जीवच नाही. आखूड पायांचा नर, आखूड पायांची मादी, चार फळलेली अंडी धरली तर हिशेब असा: एक गर्भ अंड्यातच पहिल्या काही दिवसांत मरतो, दोन पिल्लं आखूड पायांची, एक लांब पायांचं. आठव्या दिवशी बल्बसमोर अंडं धरून आत रक्ताची बारीक गोल रेघ दिसली आणि पुढे काहीच नाही, तर उबवणी यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाही. जाणकार म्हणूनच आखूड पायांच्या नराला लांब पायांची मादी देतात. मग निम्मी आखूड, निम्मी लांब, आणि या कारणानं कुणी मरत नाही. प्रदर्शनात ज्या लांब पायांच्या कोंबडीला कुणी विचारत नाही, तिच्याचमुळे वाण धडधाकट राहतो.

जाता जाता, उलट्या पिसांच्या कोंबडीबद्दल. परदेशात तिला ‘फ्रिझल’ म्हणून बक्षिसं मिळतात. आपल्याकडे तिच्या नशिबी करणी-उताऱ्याच्या गोष्टी आल्या. पिसाच्या प्रथिनातला एक बदल, बस. तोही एका प्रतीत असला तर शोभा आणि दोन प्रतींत आला तर पिसं ठिसूळ होऊन पक्षी जवळजवळ उघडा पडतो. म्हणजे इथेही दोन सुंदर पक्षी एकत्र आणले की मुलं सुंदर होतीलच असं नाही.

वाशीत पैदास करायला बसलेल्याला हे सगळं हवेशी भांडत करावं लागतं. अंडं साडेसदतीस अंश सेल्सिअसला उबतं, साधारण एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, छोट्या बँटममध्ये एक-दोन दिवस आधीच. उबवताना हवेत ओल बेतानं लागते. अंड्यातलं पाणी रोज थोडं थोडं उडून गेलं तरच आतली हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. खाडीकाठचा जुलै बेतानं ओल देत नाही. पावसाळ्यात यंत्रात पाणी न घालता अंडी उबवणारे आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. त्याहून बरं म्हणजे खुडूक कोंबडी. सिल्की आणि बऱ्याच बँटम कोंबड्या हौसेनं खुडूक बसतात. इंग्लंडमधले शिकारखान्यांचे रखवालदार फेझंटची अंडी त्यांच्याखाली ठेवत. कोंबडीला घाम येत नाही, वीज जात नाही, आणि अंडी कधी परतायची हे तिला सांगावं लागत नाही.

पिल्लू बाहेर आलं की पुढची काळजी. सेरामाचं पिल्लू अंगठ्याएवढं. एवढ्याशा अंगातून ऊब झपाट्यानं निघून जाते, आणि पाण्याच्या साध्या वाटीत ते बुडून मरतं. म्हणून वाटीत गोट्या टाकून ठेवतात. खाली तूस अंथरलेलं असतं, ते पावसात ओलं राहिलं की रक्ती हगवण ठरलेली. मानमोडी, म्हणजे रानीखेत, एकदा शिरली की खुराडं रिकामं करूनच जाते. लस आहे, स्वस्त आहे, पण कुपी येते ती शेकडो पक्ष्यांच्या मात्रेची, कारण ती पोल्ट्रीवाल्यांसाठी बनते. विरघळवली की तास-दोन तासांत संपवायची. सहा कोंबड्यांसाठी एक कुपी फोडून उरलेली टाकणं जिवावर येतं, आणि म्हणून बरेच जण लसच टाळतात. दोन-चार छंदिष्टांनी एकाच दिवशी, एकाच कुपीत लसीकरण उरकणं हा यावरचा शहाणा उपाय.

वाण कुठून आणता, यालाही महत्त्व आहे. शोभेच्या जातींचा माल बहुतेक दक्षिणेतून आणि कोलकात्याकडून येतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या पक्षीबाजारात तो दिसतो. एका दुकानातून घेतलेली ‘जोडी’ ही पुष्कळदा सख्खी भावंडं असतात, कारण दोन्ही एकाच पेटीतून आलेली. त्यांची पिल्लं पुन्हा आपापसात, त्यांची पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या पिढीत अंडी रिकामी निघू लागतात. सेब्राइटनं १८०९ मध्ये लिहून ठेवलेलं वाशीच्या गॅलरीत असं खरं होतं.

आणि मग कोंबडे. दहा पिल्लांत पाच नर, कमी-जास्त. दीड-दोन महिन्यांपर्यंत ते ओळखू येत नाहीत, तोवर घरातल्या पोरांनी सगळ्यांना नावं ठेवलेली असतात. मग एका पहाटे चार वाजता एक जण आरवतो.

बँटमचा आवाज अंगाच्या मानानं लहान नसतो. उलट वरच्या पट्टीतला, किरटा, बंद खिडकीतून आत येणारा. ‘पिंजऱ्यावर काळं कापड टाका, अंधारात आरवत नाही’ हा सल्ला सर्रास मिळतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की कोंबडा उजेड दिसण्याआधी सुमारे दोन तास, स्वतःच्या अंगातल्या घड्याळावर आरवतो. सतत मंद उजेडात ठेवला तरी घड्याळ चालूच राहतं. त्याच गटानं पुढे २०१५ मध्ये असंही मांडलं, की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरचढ असतो तो आधी आरवतो आणि बाकीचे मानानुसार मागून. गॅलरीत पाच कोंबडे असले तर पाच वेळा, क्रमानं. गळ्यात पट्टा बांधून आवाज दाबायचे उपाय विकले जातात. श्वास कोंडण्याचा तो धंदा आहे, दुसरं काही नाही.

२०१९ च्या मे महिन्यात पुण्यात एका बाईंनी कोंबड्याच्या आरवण्यानं झोपमोड होते म्हणून समर्थ पोलीस ठाण्यात तक्रार दिली, तेव्हा बातमी वाचून महाराष्ट्र हसला. त्याच वर्षी फ्रान्सच्या ओलेरॉं बेटावरचा मॉरिस नावाचा कोंबडा कोर्टात गेला होता. सुट्टीसाठी घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी दावा लावला आणि सप्टेंबरमध्ये कोर्टानं मॉरिसच्या बाजूनं निकाल दिला. २०२१ मध्ये तर फ्रान्सनं खेड्यांतले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदा केला. वाशीत हा युक्तिवाद कोण कोणाला ऐकवणार? वाशीगावातला म्हातारा म्हणू शकतो की कोंबडा आधी होता, सेक्टर नंतर आला. सेक्टरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सेरामावाल्याला ती सोय नाही. त्यातून २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जे रण पेटलं, त्यानंतर पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल सोसायट्या अधिकच हळव्या झाल्या आहेत, आणि त्यात त्यांचं सगळंच चुकतं असंही मला वाटत नाही. विष्ठेची वाळलेली धूळ फुप्फुसाला वाईटच. खुराडं रोज झाडायची तयारी नसेल तर शेजाऱ्यांकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवू नये.

तर हे जादा कोंबडे. मोठ्या धंद्यानं या प्रश्नाचं उत्तर कधीच काढलंय: अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं पहिल्याच दिवशी निकालात निघतात. त्यातली थोडी जत्रेत आणि रस्त्याच्या कडेला गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगात बुडवून विकली जातात. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी असं एखादं पिल्लू घरी आणून दोन दिवसांत पुरलं आहे. छंदिष्ट माणूस या क्रूरतेकडे तिरस्कारानं बघतो, आणि स्वतःच्या पाच कोंबड्यांना ‘गावाला पाठवून’ मोकळा होतो. पेणला, उरणला, कुठल्यातरी मामाकडे. गावात अर्ध्या किलोच्या सेरामाचं काय होतं? मांजर, घार, मुंगूस, गावठी कोंबड्याची एक टोच, नाहीतर रस्सा. आगरी मामा निदान प्रामाणिक असतो. तो विचारतो, यात खायला आहे काय?

आजाराची बाजू याहून निष्ठुर. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. जानेवारी २०२५ मध्ये तो शेजारच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला आला. नियमाप्रमाणे लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. या वर्तुळात ब्रॉयलर, गावठी, शोभेची असा भेद नसतो. २००४ च्या साथीच्या भीतीनं मलेशियात सेरामांचे कळपच्या कळप संपले, आणि त्या जातीची कित्येक चांगली घराणी तिथेच थांबली. वाशीतली खुराडी चिरनेरच्या वर्तुळाबाहेर होती. पण गावावरून आणलेली कोंबडी थेट आपल्या पक्ष्यांत सोडायची नाही, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची, हे शहाणपण त्या महिन्यात अनेकांना नव्यानं शिकावं लागलं.

मग वाशीच्या माणसानं काय करावं? मला विचाराल तर दोन कोंबड्या घ्याव्यात, कोंबडा घेऊ नये. अंड्याला कोंबडा लागत नाही, ही साधी गोष्ट विज्ञान शिकलेल्या घरांतही अनेकांना पटत नाही. कोंबडी खुडूक बसलीच, आणि घरात पिल्लं हवीशी वाटली, तर ओळखीच्या पाळणाऱ्याकडून चार फळलेली अंडी आणून रात्री तिच्याखाली सरकवावीत; पण तेही आधी त्याच्याशी बोलून, की नर निघाले तर तो परत घेईल. ज्याला खरोखरच वाण राखायचाय, पिसाची रेघ नि पायाची लांबी पिढीमागून पिढी सांभाळायचीय, त्यानं मुंबईकडे खाडी ओलांडू नये, उलट बाजूला जावं: पनवेलच्या पुढे, कर्जतकडे, जिथे चार वेगळे कप्पे, दोन वेगळ्या घराण्यांचे नर आणि न निवडलेल्या पक्ष्यांना मरेपर्यंत दाणा, एवढं सगळं ठेवता येईल.

दुकानदार बहुधा म्हणेल, साहेब, जोडीच मिळते, सुटी कोंबडी देत नाही. त्याला विचारावं, मग कोंबडा तू ठेवशील का? पैसे जोडीचेच घे.